रोगाचे नाव आणि रोगाची गती : प्रत्यारोपणोत्तर त्वचागत लसीकापेशी-विकारांच्या संज्ञांचा इतिहास

वैद्यकात रोगाला नाव देणे म्हणजे त्याच्या पुढील गतीविषयी एक भाकीत करणे होय. 'व्रण' म्हटले की तो भरून येण्याची अपेक्षा उत्पन्न होते. 'कर्करोग' म्हटले की शस्त्रक्रिया, किरणोपचार वा तीव्र औषधे ह्यांची योजना क्रमप्राप्त ठरते. बहुतेक रोगांच्या बाबतीत हे भाकीत इतके वारंवार खरे ठरते की, नाव आणि गती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत ह्याचा विसर पडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवयवप्रत्यारोपणाने मात्र असा एक रुग्णवर्ग निर्माण केला की, ज्याला रोगांची जुनी नावे लागू पडली, पण त्या नावांत अंतर्भूत असलेली भाकिते पुष्कळदा चुकली. अशा रुग्णांच्या त्वचेत क्वचित आढळणारे लसीकापेशींचे विकार हे ह्या विसंगतीचे अत्यंत बोधप्रद उदाहरण होय. त्या विकारांच्या संज्ञा कशा आल्या, कोणत्या टिकल्या, कोणत्या लोप पावल्या आणि त्या फेरफारांनी रुग्णाच्या भवितव्यावर कोणता परिणाम घडविला, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१

लसीकापेशी म्हणजे रक्तातून व लसीकेतून संचार करणाऱ्या, शरीराचे संरक्षण करणाऱ्या श्वेतपेशी. त्यांचे दोन प्रमुख वंश मानले जातात. थायमस ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या त्या टी-पेशी आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींना जन्म देणाऱ्या त्या बी-पेशी. ह्या पेशींच्या अर्बुदाला 'लिम्फोमा' असे म्हणतात. 'लिम्फा' हा लॅटिन शब्द मूळचा स्वच्छ पाण्याचा वाचक आहे; 'ओमा' हा ग्रीक प्रत्यय वैद्यकात अर्बुदवाचक म्हणून रूढ झाला. इ. स. १८७१ मध्ये टेओडोर बिलरोट ह्या शल्यविशारदांनी 'मारक लिम्फोमा' अशी संज्ञा योजिली. विशेषणाची गरज भासली ह्यावरून असे दिसते की, त्या काळी 'लिम्फोमा' ह्या नुसत्या शब्दात मारकत्वाचा अर्थ अपरिहार्यपणे अंतर्भूत नव्हता. पुढे विशेषण गळाले आणि त्याचा अर्थ विशेष्यात मुरला. भाषेच्या इतिहासात ही प्रक्रिया नेहमीचीच आहे. परंतु येथे तिच्यामुळे एका शब्दाला कायमचा भयसूचक अर्थ प्राप्त झाला.

त्वचेच्या बाबतीत ह्याहून जुने नाव आढळते. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ झाँ-लुई आलीबेर ह्यांनी इ. स. १८०६ मध्ये एका विलक्षण रोगाचे वर्णन केले. रुग्णाच्या अंगावर अळंबीसारखी मांसल अर्बुदे वर आली होती. आलीबेर ह्यांनी त्याला प्रथम 'पियाँ फोंगॉइद' असे नाव दिले. 'पियाँ' हे उष्ण कटिबंधातील एका सांसर्गिक त्वचारोगाचे फ्रेंच नाव होय. पुढे १८३० नंतरच्या दशकात त्यांनी 'मायकोसिस फंगॉइडिस' ह्या आज रूढ असलेल्या नावाचा स्वीकार केला. ह्या नावाची घटना पाहण्यासारखी आहे. पहिल्या पदात अळंबीचा वाचक ग्रीक शब्द आहे, दुसऱ्यात तोच अर्थ देणारा लॅटिन शब्द असून त्याला 'सारखे' ह्या अर्थाचा ग्रीक प्रत्यय लागला आहे. म्हणजे 'अळंबीसारखा अळंबीरोग' असे हे द्विरुक्त नाव झाले. वास्तविक ह्या रोगाचा कवकाशी काहीही संबंध नाही. नाव डोळ्यांना दिसलेल्या आकारावरून पडले, कारणावरून नव्हे.

इ. स. १८७० मध्ये एर्नेस्त बाझँ ह्यांनी ह्या रोगाच्या तीन अवस्था सांगितल्या : प्रथम अनिश्चित स्वरूपाची लाली, नंतर जाड चकंदळे, आणि शेवटी अर्बुदे. हा क्रम पुष्कळदा अनेक वर्षे चालतो. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर, इ. स. १९७५ मध्ये, लुट्झनर, एडेलसन व त्यांचे सहकारी ह्यांनी हा रोग आणि सेझारी ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा त्याचा आप्त रोग ह्यांना 'त्वचागत टी-पेशी लिम्फोमा' ह्या एका छत्राखाली आणले. जुने नाव मात्र लोपले नाही. कारणदृष्ट्या चुकीचे असूनही ते टिकले, कारण दोन शतकांच्या अनुभवाने त्याला एक विश्वसनीय भाकीत चिकटले होते : हा रोग मंदगती आहे. नावाचा व्युत्पत्त्यर्थ खोटा ठरला तरी त्याचा व्यवहारार्थ खरा राहिला.

२

अवयवप्रत्यारोपणाचा इतिहास आणि त्वचेचा अभ्यास ह्यांचा संबंध आरंभापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर परक्याच्या त्वचेचे रोपण टिकत नाही, असे पीटर मेडावर ह्यांना आढळले. ह्या नाकारण्यामागे शरीराची प्रतिक्षमता आहे, हे त्यांच्या प्रयोगांनी दाखविले. ह्या क्षेत्रातील कार्याबद्दल इ. स. १९६० मध्ये त्यांना मॅकफार्लेन बर्नेट ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. इ. स. १९५४ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे जोसेफ मरे व सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकरूप जुळ्या भावांमध्ये. तेथे नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. परक्याचा अवयव टिकावयाचा तर प्रतिक्षमता औषधाने दाबणे अवश्य होते. १९६० नंतरच्या दशकात अझाथायोप्रिन व प्रेड्निसोन ह्यांच्या संयोगाने ते साधले.

ह्या यशाचे मूल्य लवकरच दिसून आले. इ. स. १९६८ मध्ये न्यूझीलंडमधील डोक व सहकाऱ्यांनी मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर उद्भवलेल्या 'रेटिक्युलम-पेशी सार्कोमा'ची नोंद प्रसिद्ध केली. इ. स. १९६९ मध्ये इझ्रेल पेन, थॉमस स्टार्झल व सहकाऱ्यांनी प्रत्यारोपित रुग्णांतील मारक लिम्फोमांविषयी लिहिले. पेन ह्यांनी पुढे अशा अर्बुदांची एक नोंदवही अनेक वर्षे चालविली. आज 'रेटिक्युलम-पेशी सार्कोमा' हे नाव प्रचारातून गेले आहे. ज्या पेशीवरून ते पडले ती त्या अर्बुदांची जननी नव्हती, हे नंतर स्पष्ट झाले. तथापि त्या काळी उपलब्ध असलेल्या नावांपैकी एखादे निवडणे चिकित्सकांना भाग होते, आणि निवडलेले नाव 'सार्कोमा' म्हणजे निःसंदिग्ध मारक रोगाचे होते.

कारणाचा उलगडा निराळ्याच दिशेने झाला. इ. स. १९५८ मध्ये डेनिस बर्किट ह्यांनी युगांडातील मुलांच्या जबड्याच्या अर्बुदाचे वर्णन केले. इ. स. १९६४ मध्ये एप्स्टाइन, अचाँग व बार ह्यांना त्या अर्बुदाच्या पेशींत एक विषाणू आढळला. हा एप्स्टाइन-बार विषाणू जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात आजन्म वास करतो. तो बी-पेशींत दडून राहतो आणि टी-पेशी त्याला धाकात ठेवतात. प्रत्यारोपणानंतरची औषधे मुख्यतः टी-पेशींनाच दुर्बळ करतात. पहारेकरी दुर्बळ झाला की विषाणुग्रस्त बी-पेशींची संख्या अनिर्बंध वाढू लागते. येथेच एक प्रश्न उपस्थित होतो : ही वाढ म्हणजे अर्बुद म्हणावयाचे की पहारा सुटल्यामुळे माजलेली निव्वळ गर्दी?

३

इ. स. १९८१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात हँटो, फ्रिझेरा व त्यांचे सहकारी ह्यांनी मूत्रपिंड-प्रत्यारोपित रुग्णांतील अशा वाढींचा अभ्यास प्रसिद्ध केला व एप्स्टाइन-बार विषाणूच्या कर्तृत्वाचे पुरावे दिले. ह्या लेखनात 'लिम्फोमा' ह्या शब्दाच्या जोडीला 'लसीकापेशी-प्रवर्धन विकार' ही व्यापक संज्ञा आलेली दिसते. 'प्रवर्धन' ह्या अर्थाच्या मूळ पाश्चात्त्य शब्दात 'संतती' व 'धारण करणे' असे दोन लॅटिन घटक आहेत. पेशींना संतती होत आहे, एवढेच तो सांगतो. ती संतती सन्मार्गी की कुमार्गी, ह्याविषयी तो मौन पाळतो. विल्यम डॅमेशेक ह्यांनी इ. स. १९५१ मध्ये अस्थिमज्जेच्या काही विकारांना 'प्रवर्धन' हे पद लावून एकत्र गोवले होते. त्याच धर्तीची ही संज्ञा होती. अज्ञान आणि सावधगिरी ह्यांच्यासाठी शास्त्रभाषेत जागा ठेवणारे असे शब्द फार उपयुक्त असतात.

ही सावधगिरी किती सार्थ होती हे तीनच वर्षांत दिसून आले. इ. स. १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथील स्टार्झल व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात १७ रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी ८ मूत्रपिंडाचे, ४ यकृताचे, ३ हृदयाचे आणि २ हृदय-फुप्फुसांचे ग्राहक होते. त्यांना सायक्लोस्पोरिन हे नवे औषध स्टेरॉइडसह दिले जात होते. प्रतिक्षमता दाबणारी औषधे कमी केल्यावर किंवा थांबविल्यावर ह्या गाठी ओसरल्या, आणि अनेकदा रोपित अवयवही शाबूत राहिला. ज्याला सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोमा म्हणावे लागत होते, तो औषध कमी केल्याने मागे हटला. 'लिम्फोमा' ह्या नावातील भाकीत येथे उघडउघड चुकले. प्रसंगाची आणखी एक गंमत अशी की, सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेच्या मातीतून मिळालेल्या एका कवकापासून काढलेले औषध आहे. ज्या त्वचारोगाच्या नावात दोनदा अळंबी आहे त्यात कवक मुळीच नाही, आणि ज्या औषधाने ह्या विकारांचा इतिहास पालटला ते मात्र खरोखरच कवकापासून आलेले आहे.

ह्यानंतर नामनिर्णय हा केवळ पंडिती विषय राहिला नाही. गाठीला 'प्रवर्धन' म्हटले तर पहिला उपाय औषध कमी करण्याचा. त्यात रोपित अवयव नाकारला जाण्याचा धोका. मूत्रपिंड गेले तर रक्तशुद्धीकरणाचा आधार तरी उरतो. हृदय गेले तर तसा सुलभ आधार नाही. उलट गाठीला सरळ 'लिम्फोमा' म्हटले तर तीव्र औषधे. आणि आधीच दुर्बळ झालेल्या शरीरात त्यांपासून प्राणघातक संसर्ग उद्भवण्याची भीती. म्हणजे दोन्ही बाजूंना हानी आहे, आणि तिचा कल कोणत्या बाजूस जाईल हे बऱ्याच अंशी एका नामावर अवलंबून राहते.

४

आता त्वचेकडे वळावयास हवे. प्रत्यारोपित रुग्णांत त्वचेचे कर्करोग विपुल आढळतात, पण त्यांतील बहुसंख्य त्वचेच्या आवरणपेशींचे असतात. लसीकापेशींचे विकार प्रथम त्वचेतच प्रकट होणे हे फार विरळ. त्यामुळे ह्या विषयीचे ज्ञान दीर्घकाळ एकेका रुग्णाच्या वृत्तान्तांत विखुरलेले होते. इ. स. २०१३ मध्ये सेच्किन व सहकाऱ्यांनी युरोपातील अनेक केंद्रांतून ३५ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे ५७ टक्के रुग्ण मूत्रपिंडाचे ग्राहक होते. पहिल्या प्रत्यारोपणापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ ८५ महिन्यांचा होता, म्हणजे सात वर्षांहून अधिक.

ह्या संग्रहातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. शरीराच्या अंतर्भागात प्रत्यारोपणोत्तर विकार बहुतांशी बी-पेशींचे असतात. त्वचेत मात्र ३५ पैकी २४ टी-पेशींचे व ११ बी-पेशींचे निघाले. बी-पेशींच्या ११ पैकी १० विकारांत एप्स्टाइन-बार विषाणूचा संबंध आढळला. टी-पेशींच्या विकारांपैकी निम्मे मायकोसिस फंगॉइडिसचे होते. बी-पेशींवरील विशिष्ट खुणेला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत इ. स. १९९७ मध्ये मान्यता पावून पुढे प्रत्यारोपणोत्तर विकारांतही फार उपयोगी ठरले. परंतु ज्या पेशींवर ती खूण नाही त्या टी-पेशींच्या विकारांत त्याचा लाभ होत नाही. अर्थात नावातील 'टी' किंवा 'बी' हे एक अक्षरसुद्धा निर्णायक ठरते.

तथापि ह्या संग्रहातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग निराळा आहे, आणि त्यासाठी पुन्हा इ. स. १९६८ कडे जावे लागते. त्या वर्षी वॉरेन मॅकॉले ह्यांनी 'लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस' ह्या विकाराचे वर्णन केले. अंगावर लहान पुळ्या उठतात, आपोआप बऱ्या होतात, पुन्हा उठतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या मारक दिसतात. प्रत्यक्ष रुग्णात सौम्य आणि काचपट्टीवर मारक, असा हा विरोधाभास मॅकॉले ह्यांनी नेमका टिपला व नावातही गुंफला. 'लिम्फोमासारखा, पण लिम्फोमा नव्हे' असा त्यातील 'ऑइड' ह्या प्रत्ययाचा आशय आहे. आलीबेर ह्यांच्या 'फंगॉइडिस'मध्येही हाच प्रत्यय आहे. सादृश्य मान्य करून तादात्म्य नाकारणारा हा प्रत्यय वैद्यकाच्या भाषेतील संशयाचे चिन्हच होय. पुढे ह्या विकाराच्या पेशींवर सीडी-३० नावाची खूण आढळल्यावर, तीच खूण धारण करणाऱ्या त्वचेच्या एका अर्बुदासह त्याला 'सीडी-३० धारक लसीकापेशी-प्रवर्धन विकार' ह्या गटात घालण्यात आले. निरोगी प्रतिक्षमता असलेल्या माणसांत ह्या गटाची गती सामान्यतः सौम्य असते; त्यामुळे मृत्यू क्वचितच येतो.

परंतु प्रत्यारोपित रुग्णांत काय दिसले? ३५ पैकी १६ रुग्ण दगावले. त्यांपैकी ११ टी-पेशी गटातील होते, आणि त्या ११ पैकी ६ जणांना सीडी-३० धारक विकार होता. मायकोसिस फंगॉइडिसच्या रुग्णांपेक्षा ह्या रुग्णांचे भवितव्य वाईट ठरले, आणि सर्वसाधारण लोकसंख्येतील त्याच नावाच्या विकारापेक्षाही वाईट ठरले. संख्या लहान आहे, म्हणून निष्कर्ष जपूनच काढावयास हवा. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९८४ मध्ये 'लिम्फोमा' हे कठोर नाव रुग्णापेक्षा अधिक कठोर ठरले होते. येथे सौम्य नाव वास्तवापेक्षा अधिक सौम्य ठरले. सूक्ष्मदर्शकाखालील चित्र तेच, पेशींवरील खूण तीच, नाव तेच. पण पहारा दुर्बळ झालेल्या शरीरात त्या नावाचा अर्थ पालटला. संदर्भ बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे भाषाशास्त्रातील प्राथमिक सूत्र आहे. येथे संदर्भ म्हणजे रुग्णाचे शरीर होय.

५

नावातील भाकिताचा हा धोका वर्गीकरणकारांनी हळूहळू ओळखला, असे एकविसाव्या शतकातील घडामोडींवरून म्हणता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या इ. स. २००१ च्या वर्गीकरणात प्रत्यारोपणोत्तर लसीकापेशी-प्रवर्धन विकारांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्यांची 'आरंभिक', 'बहुरूप', 'एकरूप' इत्यादी प्रकारांत विभागणी होती. इ. स. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत 'आरंभिक' हे विशेषण वगळून त्याच्या जागी 'अविध्वंसक' हे आले. हा बदल वरवर क्षुल्लक भासेल. परंतु 'आरंभिक' म्हणणे म्हणजे पुढे काही घडणारच असे सुचविणे. 'अविध्वंसक' म्हणणे म्हणजे आज ऊतकाची रचना मोडलेली नाही एवढेच नोंदविणे. पहिल्या विशेषणात भविष्य होते. दुसऱ्यात केवळ निरीक्षण आहे.

ह्याच वृत्तीचा दुसरा दाखला इ. स. २०१० मधील आहे. डॉजिनॉव, जॅफी व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या कारणांनी प्रतिक्षमता क्षीण झालेल्या २६ रुग्णांच्या अभ्यासावरून 'एप्स्टाइन-बार विषाणुधारक श्लेष्मल-त्वचा व्रण' असा विकार वेगळा काढला. तोंडात, त्वचेवर वा आतड्यात एखादाच स्पष्ट सीमांचा व्रण असतो; पेशी हॉजकिनच्या रोगाची आठवण करून देतात; परंतु प्रतिक्षमता दाबणारे औषध कमी केल्यावर तो पुष्कळदा भरून येतो. येथे अभ्यासकांनी 'लिम्फोमा', 'प्रवर्धन', किंबहुना 'ऑइड' हा प्रत्ययसुद्धा बाजूस ठेवला आणि 'व्रण' हा जुना, साधा शब्द स्वीकारला. जो भरून येऊ शकतो त्याला भरून येणाऱ्या वस्तूचे नाव देण्यात आले.

इ. स. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचव्या आवृत्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रतिक्षमता क्षीण होण्याची सर्व कारणे एकत्र घेऊन तिने त्रिपद नामपद्धती सुचविली : प्रथम ऊतकाचे स्वरूप, मग विषाणूचा संबंध, आणि शेवटी प्रतिक्षमता क्षीण होण्याची पार्श्वभूमी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने मात्र 'प्रत्यारोपणोत्तर' हा जुना गट कायम ठेवला. ह्या मतभेदाचा निकाल काळच लावील. पण त्रिपद नामातील तिसरे पद हे ह्या सबंध इतिहासाचे सार आहे. रोग कोणता, हे सांगताना तो कोणाच्या शरीरात, हेही नावातच सांगितले पाहिजे, ही जाणीव त्यात व्यक्त झाली आहे.

६

भारतीय वैद्यकाच्या परंपरेत ह्या जाणिवेला एक दूरचा पूर्वपुरावा सापडतो. सुश्रुतसंहितेत अर्बुद हे मोठे, स्थिर, खोलवर मूळ असलेले, सावकाश वाढणारे व न पिकणारे असे सांगितले आहे. पूर्वीच्या अर्बुदावर पुन्हा उद्भवणाऱ्या अर्बुदास 'अध्यर्बुद' असे स्वतंत्र नाव दिले आहे, आणि जोडीने उद्भवणाऱ्यास 'द्विरर्बुद'. म्हणजे उपसर्गाने व पूर्वपदाने रोगाच्या वागणुकीचीच नोंद केली आहे. आधुनिक मराठीतील 'कर्करोग' हा शब्द ह्याहून भिन्न कुळातला. ग्रीक व लॅटिन वैद्यकातील खेकड्याच्या कल्पनेचे ते भाषांतर होय. लोकव्यवहारात 'गाठ' हा शब्द ह्या दोहोंपेक्षा अधिक चालतो, आणि तो काहीही भाकीत करीत नाही.

महाराष्ट्रात हा विषय परका राहिलेला नाही. इ. स. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. इ. स. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने मस्तिष्कमृत्यूला मान्यता मिळून मृत दात्यांच्या अवयवांचा मार्ग मोकळा झाला. परक्याचे मूत्रपिंड वा यकृत घेऊन वर्षानुवर्षे जगणारे लोक आज मराठी समाजात आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या त्वचेवर एखादी न भरणारी जखम वा पुळ्यांची माळ दिसली, तर त्वचेचा तुकडा तपासला जाईल आणि एक नाव उच्चारले जाईल. ते नाव 'कर्करोग' असे सरसकट भाषांतरित झाले तर औषध कमी करून पाहण्याची संधी भीतीत हरपेल. 'साधी पुळी' असे झाले तर मौल्यवान वेळ हरपेल. मराठीत ह्या विकारांच्या संज्ञा घडविताना एकपदी नावाचा मोह टाळणे म्हणूनच हितावह आहे. पेशीचा वंश, विषाणूचा संबंध आणि शरीराची अवस्था ही तिन्ही सांगणारा समास लांब होईल, उच्चारास जड जाईल. पण त्यात खोटे भाकीत शिरण्यास जागा राहणार नाही. आलीबेर ह्यांनी डोळ्यांना दिसले तेवढ्यावरून नाव दिले, आणि ते दोन शतके टिकले. प्रत्यारोपित शरीराने एवढेच शिकविले की, टिकलेल्या नावावरही प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पुन्हा एकदा विचार करावा लागतो.